शमुवेलकाकांचा अबोला

हातकणंगले स्टेशनवर मी चहासाठी उतरले आणि गाडी निघून गेली. "पावणं, गाडी गेली की!" चहावाला आनंदाने ओरडला, जसं काही मला दिसतच नव्हतं. नशीब, बॅग खांद्यालाच होती. मग वडाप (माणसं कोंबून भरल्याशिवाय न सुटणारी जीप) पकडली आणि एका बाईच्या कोंबडीला मांडीवर घेऊन कोल्हापुरात दाखल झाले.

पुण्याहून मी काही हौसेने निघाले नव्हते. मावशीचा फोन आला होता. "सोमवारी माझ्या हृदयाचं ऑपरेशन हाय. त्याच्या आधी तुझ्या काकांनी देवापुढं माझं नाव एकदा तरी घ्यावं. तूच येऊन सांग, तुझं ऐकत्यात." मी स्वतः प्रार्थना सोडून चार वर्षं झालेली. भांडण वगैरे काही नाही, एखाद्याला फोन करायचा राहून जातो तसं. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून, तशी मी निघाले.

शमुवेलकाका फुटबॉलवेड्या शिवाजी पेठेतले, म्हणजे आधी फुटबॉलचे, मग बाकी सगळ्याचे. नऊ वर्षांपूर्वी अंतिम सामन्यासाठी त्यांनी तीन दिवस उपास करून प्रार्थना केली. त्यांचा संघ शेवटच्या मिनिटाला हरला. समोरचा गोलकीपर त्यांच्याच चर्चमधला, आणि त्याने प्रार्थना केली ती फक्त बुटाची नाडी बांधता बांधता. त्या दिवसापासून काकांनी देवाशी अबोला धरला. मावशी तेव्हापासून रोज देवाकडे एकच मागते, ह्यांना बोलतं कर.

शनिवारी मावशीने आजऱ्याच्या घनसाळ (वासाचा बारीक तांदूळ) भाताबरोबर कोंबडीचा रस्सा केला. ऑपरेशन तिचं आणि वाढत होती आम्हाला! मी विषय काढला.

"काका, मावशीसाठी तरी बोला."

"अबोला म्हंजे अबोला," काका हाड चोखत म्हणाले. "नऊ वर्षं तोंड फिरवायचं आन् काम पडलं की 'बायकोचं तेवढं बघ' म्हणायचं? माणसाला काय लाज हाय का न्हाय?"

रविवारी चर्चला गेलो. अबोला धरला तरी काका एक रविवार चुकवत नाहीत. फक्त शेवटच्या बाकावर उलटे बसतात, वेदीकडे पाठ आणि दाराकडे तोंड करून. पाळकसाहेबांनी आधी समजावलं, मग कंटाळून त्यांना उशिरा येणाऱ्यांना जागा दाखवायचं काम देऊन टाकलं. पहिल्या बाकावर मावशी डोळे मिटून पुटपुटत होती, शेवटच्या बाकावर काका एका पोरीला दटावत होते, "ही काय यायची येळ हाय व्हय?" मला हसावं की रडावं कळेना.

सोमवारी दहाला ऑपरेशन. मावशी आदल्या संध्याकाळीच दाखल झालेली. सकाळी सहाला पाहते तर काका टोपी घालून बाहेर निघालेले. बायको दवाखान्यात आणि हे फिरायला! माझं डोकंच फिरलं. मी मागोमाग गेले.

काका चर्चच्या आवारात शिरले. दार बंद होतं. त्यांनी दाराकडे पाठ केली, टोपी काढली आणि मोठ्याने सुरू केलं.

"शमुवेल बोलतोय. आजबी मी बोलणार न्हाय. गुडघा दुखतोय, ते तुला सांगणार न्हाय. शेजारच्या हसीनाभाभीच्या पोराला नोकरी न्हाय, तेबी सांगणार न्हाय. त्या गोलकीपरचं लगीन मोडलंय, त्याचं तूच बघ, मी काय बोलणार न्हाय."

"रोज येत्यात," वॉचमन माझ्या कानाशी म्हणाला. "पावसातबी. नऊ वर्षं एक खाडा न्हाय."

काकांनी टोपी दोन्ही हातांनी पिळली. "आज तिचं ऑपरेशन हाय. मी काय मागत न्हाय. पर ध्यानात ठेव, तिला कायबी झालं तर उद्यापासनं मी बोलत न्हाय म्हणून सांगायलाबी येणार न्हाय. मग बस एकटाच!"

ते तिथेच पायरीवर बसले आणि रडले. वॉचमनने मान फिरवली. मीही रडले, उगाच कशाला लपवू!

ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी मावशीने विचारलं, "बोलले का गं?"

"नाही. न बोलता चांगली वीस मिनिटं बोलले," म्हणून मी सगळं सांगितलं.

मावशी छाती धरून हसायला लागली. "हसवू नगंस, टाकं दुखत्यात! म्हंजे देवानं माझं पयल्याच दिवशी ऐकलेलं की गं! आन् मी नऊ वर्षं त्याचं डोकं खात बसले."

"आता काय मागशील?"

"चाललंय ते चालू दे म्हणीन," ती म्हणाली आणि मला डब्यातली पेज भरवायला लावली.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसले होते. नऊ वर्षांचं त्यांचं भांडण माझ्या चार वर्षांच्या शांततेपेक्षा कितीतरी बरं, हे मनातून जाईना. काकांना रुसायला कोणीतरी होतं. मी कोणाशी रुसलेही नव्हते.

हातकणंगले आलं. चहावाला ओरडत होता. मी उतरले नाही.

"हे बघ," मी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी काही प्रार्थना करत नाहीये."

"मला म्हणालात?" समोरच्या बाईंनी विचारलं.

"तुम्हाला नाही हो," मी म्हणाले.

मिरज आलं तरी माझं सांगून झालं नव्हतं.