टॉवेल खुंटीलाच राहिला

आभाळ सकाळपासून तोंड फुगवून बसलं होतं; धड पडत नव्हतं, धड उघडत नव्हतं. डोळसबाईंनी कचेरीची खिडकी लोटली, टेबल पुसलं आणि संगणकाच्या पडद्यावर जुना टॉवेल टाकला.

डोळसबाई हे नाव मास्तरांनी ठेवलेलं. मास्तर शेजारच्या खुर्चीवरचे, जन्मापासून अंध. छापील कागद अंधांना यंत्राच्या आवाजात नीट ऐकू येतील असे करून द्यायचे, हे दोघांचं काम. टॉवेलचा नियमही त्यांचाच. "डोळे लबाड असतात, बाई. ते झाकून ऐकल्याशिवाय कागद बाहेर सोडायचा नाही."

काल मास्तर इस्पितळातून घरी निघाले आणि त्यांच्या गोळ्यांचा कागद नेमका बाईंकडेच आला. माणूस घरी टेकायच्या आत कागद त्यांच्या फोनवर पोचावा, या मायेपायी बाईंनी घाई केली. पडद्यावर दोन सुबक चौकटी शेजारी शेजारी दिसत होत्या. एक सकाळची, एक रात्रीची. टॉवेल खुंटीलाच राहिला.

रात्रभर मन खात होतं, म्हणून आता ऐकायला बसल्या. यंत्राला कुठली चौकट? ते आडव्या ओळीनं वाचत सुटलं: "सकाळी, रात्री. साखरेची गोळी एक, रक्तदाबाची गोळी अर्धी."

साखरेची, म्हणजे मधुमेहाची गोळी फक्त सकाळी होती. ऐकणारा ती रात्रीही घेणार, आणि रक्तातली साखर नको इतकी उतरणार.

फोन मास्तरांच्या अक्कानं उचलला. "घामानं निथळतोय गं. मघापासून काहीबाही बरळतोय. मला वाटलं, अशक्तपणा असेल."

"गिळता येतंय का त्यांना? मग साखरेचं पाणी पाजा, घोट घोट. डॉक्टरांना बोलवा. मी निघालेच."

बाई पोचल्या तेव्हा डॉक्टर सुई टोचून, अक्काला चार शब्द सुनावून गेले होते. मास्तर उशीला टेकून बसले होते, चेहरा पिठासारखा पांढरा.

"आलीस? आम्हाला वर धाडायची सोय बरी केलीस."

"मास्तर, मी ऐकलं नाही. टॉवेल न टाकताच पाठवला."

मास्तर हळूच म्हणाले, "दुसऱ्या कुणाचा कागद असता, तर मी दोनदा विचारून घेतलं असतं. तुझा म्हणून डोळे मिटून गिळली."

बाईंना मान वर करवेना. ही थट्टा असती तर बरं झालं असतं.

"त्याच दोन चौकटींच्या साच्यात आणखी कुणाचा कागद बसवलास?"

"एका आजींचा. एकट्याच असतात. वाटेत तीनदा फोन लावला, उचलत नाहीत. इस्पितळाला कळवलंय, त्यांनी नर्स पाठवलीय."

"मग रडत काय बसलीस? काढ त्या आजींचा कागद. अक्का, हिला टॉवेल दे गं."

बाईंनी पिशवीतला लॅपटॉप उघडला. दोन चौकटींची एकाखाली एक अशी मांडणी केली आणि टॉवेल टाकला. यंत्र वाचत गेलं. आधी पूर्ण सकाळ, मग पूर्ण रात्र. मास्तरांनी कान देऊन ऐकलं.

"हां. आता सोड."

कागद आजींच्या फोनवर गेला. आजींचा फोन पुन्हा लावला, तो नुसताच वाजत राहिला. नर्सचाही काही निरोप नव्हता.

अक्का आत चहाचं बघायला उठली, तशी बाईंनी तिला खाली बसवलं. साखरपाण्याचा पेला उचलून त्या मोरीपाशी गेल्या, फोन समोरच्या फळीवर उभा टेकवला आणि पेल्याच्या तळाशी चिकटलेली साखर बोटानं घासत राहिल्या.