रझियाच्या अम्मीची घागर

तुझं पत्र मिळालं. माझी पुस्तकं वाचतेस, पत्रं धाडतेस, अन् इकडं मात्र फिरकत नाहीस — हे काही बरं नव्हं, पोरी. असो. तू विचारलंस, ती पहिली गोष्ट कशी सुचली? इतकी वर्षं ‘सुचली बाई’ म्हणून वेळ मारून नेली. खरं काय ते कुणालाच सांगितलं नाही — घरच्यांनासुद्धा.

लातूर नुकता वेगळा जिल्हा झाला होता. अन् दुष्काळ. उन्हाळ्याच्या सुट्टीत एका रिकाम्या शाळेत दहा दिवसांचं लेखन शिबिर भरलं. मी हदगावाकडची, चौथी शिकलेली. मनधरणी करकरून गेले. लेखक कसा असतो, खातो काय, बोलतो काय — बघायचंच होतं मला! बाकं भिंतीला लावून आम्ही बाया सतरंजीवर झोपायचो. दोघींत एक बादली पाणी. माझ्या बादलीची वाटेकरीण रझिया — देवणीची, कपडे शिवणारी. बोलायला मराठी पक्की, पण शाळा उर्दूतली. ती सांगायची, मी लिहून द्यायचे.

एकदा म्हणाली, त्यांच्या गल्लीत टँकरच्या रांगेत माणूस नाही, घागर उभी राहते. अम्मी वारली त्या दिवशीही अम्मीची घागर रांगेत होती. कुणी उचलली नाही. जी ती बाई आपली घागर सरकवताना तिचीही थोडी पुढं सरकवायची. — मी लिहिता लिहिता थांबलेच. असं कसं सुचतं हिला? की सुचत नाही, नुसतं दिसतं?

शिबिराची रीत अशी — कागदावर नाव घालायचं नाही. सगळे कागद टोपलीत. शिकवायला आलेले सर एकेक उचलून वाचणार, मग ज्याचं त्यानं उभं राहायचं. सरांनी ती गोष्ट वाचली. ‘कुणाची ही?’ — रझिया उठणार, तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, ‘अहो, हे तर आपल्या आक्काचं अक्षर!’

आक्का म्हणजे मी. टाळ्या पडल्या. अन् मी — मी उभी राहिले.

कुणी ढकललं नव्हतं. ‘अक्षर माझं, गोष्ट तिची’ — किती वेळ लागला असता? मान खाली घातली, तर सरांना वाटलं लाजले. लाजले कसली? टाळ्या गोड लागल्या होत्या. गोष्ट छापून आली, माझ्या नावानं. पुढची पुस्तकं तिच्याच जोरावर निघाली.

रझिया भांडली नाही. दुपारी बादली उचलताना एवढंच म्हणाली, ‘आक्का, माझ्या अम्मीची घागर लई पुढं गेली की वो.’ अन् हसली. टोमणा होता का? की खरंच बरं वाटलं होतं तिला? अजून वाटतं, विचारायला हवं होतं. नंतर तिनं मला काही लिहायला सांगितलं नाही. पुढं देवणीवरून कितीदा एसटीनं गेले — उतरले नाही. ती आता आहे की नाही, तेही ठाऊक नाही.

तर ती गोष्ट माझी नव्हे. अन् छापलंय तेही पुरतं नाही. घागर सरकवणाऱ्या एकेक बाईचा आवाज काढून, चाल करून दाखवून सांगायची रझिया. ते मला कागदावर उतरवता आलं नाही. तोंडानं जमतं, थोडंफार. लवकर ये एकदा.