वाफ्यातले होडी सर

बोलता बोलता समोरच्या माणसानं एकाएकी दोन्ही मुठी छातीशी ओढल्या, लांब सोडल्या, परत ओढल्या, तर तुम्ही काय समजाल? आम्ही स्टाफरूममध्ये पहिल्या दिवशी चहाचे कप बाजूला घेतले. मग सवय झाली. ओतूरच्या आमच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर आलेले हे खेळाचे सर परीक्षेच्या सुपरव्हिजनलाही हवेत वल्ही मारायचे. गावानं त्यांना होडी सर म्हणायला सुरुवात केली आणि खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं. पगारच वेळेवर होत नसल्यामुळे तेही फारसं कुणी वाचत नसे.

"जमतंय की, मॅडम," हे त्यांचं दुसरं लक्षण. काहीही जमत नसताना ते असं म्हणायचे आणि माझं डोकं तिथंच फिरायचं.

मी भूगोल शिकवते. "पाण्याचं तुम्हाला कळतं," असं म्हणून प्राचार्यांनी मला रोइंगच्या टीमची मॅनेजर केलं. मला पोहता येत नाही, हे मी लगेच सांगून टाकलं. होडी सर म्हणाले, "काठावरच तर उभं ऱ्हायचंय. जमतंय की."

होडी आली ती बेल्ह्याच्या बैलबाजाराच्या टेम्पोतून. शहरातल्या एका क्लबनं टाकून दिलेली, चौघांनी वल्हवायची, लांबलचक आणि काटकुळी. निम्मी टेम्पोत, निम्मी बाहेर, शेपटाला लाल फडकं. वाटेत एकानं विचारलं, "सर, ह्याला बैल कुठनं जुपायचं?" सर गंभीरपणे म्हणाले, "बैल चार हायत. कॉलेजला यत्यात."

ठेवायला जागा नव्हती म्हणून ती एका कांद्याच्या बराखीत गेली. बराखी म्हणजे कांदा साठवायची, जाळीच्या भिंतींची लांबोडकी खोली. भाव बरा असला की कांदा बाजारात आणि होडी बराखीत. भाव पडला की कांदा बराखीत आणि होडी बाहेर बाभळीखाली. गेली दोन वर्षं भाव असा काही बसला की होडीनं आत जायचं नावच काढलं नाही. उन्हानं तडकू नये म्हणून सर तिच्यावर भिजवलेलं गोणपाट टाकायचे, तापातल्या पोराच्या कपाळावर घडी ठेवावी तसं.

त्यातच प्राचार्यांनी बजावलं. यंदा विद्यापीठाच्या स्पर्धेत पदक आलं नाही तर होडी विकायची आणि त्यात जिमचं सामान घ्यायचं. संस्थेला दोन्ही परवडत नाही. सरांचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा पडलेला पाहिला.

स्पर्धेला महिना राहिला आणि धरणातून कालव्याला आवर्तन सोडायचं ठरलं. पाणी सुटलं की धरणातल्या आमच्या सरावाच्या पट्ट्यात चिखल आणि खडक उरतात. कुणीही शहाण्या माणसानं दुसरी जागा शोधली असती. हे गृहस्थ पाटबंधाऱ्याच्या कार्यालयात गेले आणि मॅनेजर म्हणून मलाही ओढून घेऊन गेले. आत खालच्या गावांतले शेतकरी साहेबांना घेरून बसलेले. कांदा शेवटच्या पाण्याला आलाय, आवर्तन आजच सोडा, असं त्यांचं म्हणणं. सरांनी त्या गर्दीत हात वर केला.

"साहेब, पंधरा दिवस थांबवता आलं तर बघा. पोरांची प्रॅक्टिस हाय."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला वाटलं. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "कोनाची पोरं म्हनला?"

ते तात्या होते. त्यांचा ओंकार आमच्या होडीत ज्या वल्ह्यावर बसतो, त्या वल्ह्यावर बाकीचे तिघं लय धरतात.

"तुमचाच की, तात्या," सर आनंदानं म्हणाले.

पाणी त्याच आठवड्यात सुटलं आणि कांदा काढणीला येताच ओंकार यायचा बंद झाला. मी सरांना काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. शेवटी आम्ही दोघं तात्यांच्या रानात गेलो. कांद्याची काढणी सुरू होती. मजूर लावणं परवडत नव्हतं, त्यामुळे घरचे हात तेवढेच.

"कांद्याला गिऱ्हाईक न्हाई अन ह्याला वल्ही मारायची हायत," तात्या म्हणाले. "माझं रान कोन काढनार? तुमी?"

"जमतंय की," सर म्हणाले.

मला वाटलं, बोलायची पद्धत. दुसऱ्या दिवशी सकाळी ओंकार धरणावर हजर, आणि त्याच्या जागी सर वाफ्यात विळा घेऊन बसलेले. आता सांगा, प्रशिक्षक कांद्यात बसल्यावर पोरांना शिकवणार कोण? माझ्या गळ्यात शिट्टी आली. पोरं चिखल तुडवत होडी खोल पाण्यापर्यंत न्यायची आणि मी काठावरून "जोरात, अजून जोरात" एवढंच ओरडायची, कारण मला तेवढंच येत होतं. मग सरांना फोन.

"सर, होडी डावीकडं चाललीय."

"उजव्यांना दमानं घ्यायला सांगा."

"उजवं कुणाचं? ते माझ्याकडं तोंड करून बसलेत. त्यांचं का माझं?"

"होडीचं, मॅडम."

मी फोन बंद केला. संध्याकाळी तात्यांची तक्रार वेगळीच. "तुमचे सर कांदा कापत्यात का कटिंग करत्यात? एकेकाला आरसा दाखवूनच सोडत्यात. अन त्वांड तर बंदच न्हाई." तरी ओंकार रोज येत राहिला.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी आभाळ भरून आलं. कापलेला कांदा रानात उघडा पडलेला. तो बराखीत गेल्याशिवाय ओंकारला सोडणार नाही, असं तात्या म्हणाले आणि त्यांचं काही चुकत होतं असंही नाही.

"तुमी पोरं घेऊन पुढं व्हा," सर मला म्हणाले. "त्याच्या वाटचं मी ओढतो."

मी भडकलेच. "ज्या दिवसासाठी इतकं केलं, त्या दिवशी तुम्ही कांदे वाहणार?"

"मॅडम, होडीत मी कुठं बसतो?"

आम्ही तिसरे आलो. पदक हातात पडताच मी सरांना फोन लावला. उचलला तात्यांनी.

"सरांच्या डोक्याव पाटी हाय. काय झालं आमच्याचं?"

"तिसरे आले, तात्या. पदक मिळालं."

फोन लांब धरून ते ओरडले, "सर, ठिवा ती पाटी खाली. इकडं या." सर फोनवर आले. "सुटताना घाई केली का?" मी म्हटलं, केली. "सांगत व्हतो," एवढं म्हणाले. बराखीच्या पत्र्यावर वाजणारा पाऊस मला फोनवर ऐकू येत होता.

कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स लागला. प्राचार्य, संस्थेचे अध्यक्ष, चार पोरं आणि गळ्यात शिट्टी घातलेली मी. फोटो स्पर्धेच्या ठिकाणचा, त्यामुळे सर त्यात नव्हते. होडी राहिली. जूनमध्ये तासिकांच्या जागा कमी झाल्या आणि त्यात पहिली जागा सरांची गेली. मी प्राचार्यांशी भांडले, उपयोग झाला नाही. सर चाकणला कंपनीत लागले. जाताना मला भेटलेही नाहीत, याचा मला अजून राग आहे, आणि त्यांच्यावाचून त्या काठावर मला करमत नाही हेही खरं.

दिवाळीनंतर सराव पुन्हा सुरू केला. एके सकाळी तात्या काठावर आले. यापूर्वी ते कधी तिकडं फिरकले नव्हते.

"सर कुठंयत?"

मी सांगितलं. तात्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. मी पोरांवर ओरडत होते, जोरात, जोरात.

"मॅडम, नुसतं जोरात म्हनून काय व्हतं?" असं म्हणून ते पार पाण्याशी गेले. "ए ओंक्या, आधी पाय. मंग पाठ. हात सगळ्यात शेवटाला."

चारही वल्ही एकदम पाण्यात गेली. मी ओरडायचं थांबवून तात्यांकडं वळले.

"काढणीभर वाफ्यात दुसरं काय बोललेच न्हाईत तुमचे सर," ते म्हणाले, आणि पुन्हा पाण्याकडं वळले. "पाठ, ओंक्या, पाठ."