आजोबाची खोली

घरं उबदार ठेवणाऱ्या विटांच्या भट्ट्या बांधण्यात देम्यानचं आयुष्य गेलं. गावात गॅस आला आणि त्याला कुणी विचारेना. अग्लाया आजीने बोलावलं, तेही भट्टी पाडायलाच.

“गॅसचा बॉयलर जमिनीच्या फळ्यांवरच ठेव,” ती म्हणाली.

“लाकडावर? घर गरम करायचंय की पेटवायचंय?” देम्यान भडकला. भट्टी पाडली, तरी तिचा दगडी पाया शाबूत होता. जुन्याच विटा रचून त्याने त्यावर सपाट, भक्कम चौथरा बांधला.

आजी मात्र जुना लोकरी बूट छातीशी धरून रुसून बसली. तिच्या समजुतीप्रमाणे घर राखणारा अदृश्य आजोबा भट्टीखाली राहायचा. त्याला बुटात बसवून नव्या जागी न्यायचं असतं.

“आता तो कुठं राहील रे?”

“बूट बॉयलरजवळ ठेवलास तर याद राख!” देम्यान गुरगुरला. मग कुरकुरतच त्याने चौथऱ्याच्या तळाची, ओल्या गाऱ्यातली एक वीट काढली. तिथं कोनाडा झाला. आजीने त्यात बूट झटकला आणि पावाचा तुकडा ठेवला.

चौथरा वाळला, बॉयलर बसला, घर उबदार झालं. बघायला आलेली शेजारीण कोनाड्याशी वाकली आणि म्हणाली, “आमचाही बॉयलर आलाय, देम्यान. तो बसवणारे ढीगभर मिळतील. पण आमच्या आजोबाची सोय तुझ्याशिवाय कोण करणार?”