मांडीवर मांजर असलेली योगिनी

आमच्या ह्यांना जबलपूर तोंडपाठ आहे, असं आमचं सगळं राइट टाउन म्हणतं. म्हणू दे. चाळीस वर्षं संसार केलाय मी ह्या माणसाशी, ह्यांना काय पाठ आहे आणि काय नाही ते मला विचारा. ह्यांनी धुआंधार धबधबा पाहिलेला नाही. मदनमहालच्या किल्ल्यात पाऊल ठेवलेलं नाही. भेडाघाटला नावेत बसलेले नाहीत. चौसष्ट योगिनीच्या देवळाची एक पायरीसुद्धा चढलेले नाहीत. आणि शेकडो लोकांना हे सगळं दाखवून आणलंय ते ह्यांनीच.

कसं ते सांगते. आम्ही मूळचे वर्ध्याकडचे. हे, म्हणजे अंबादास, टेलिफोन खात्यात लागले आणि इथलेच झाले. उन्हाळ्याची सुट्टी लागली की नागपूर, अमरावती, वर्धा इथल्या समस्त नातेवाइकांना एकदम आठवायचं, की अरे, जबलपूरला आपला अंबादास आहे नं. दहा-बारा माणसं यायची. भेडाघाटला जायचंच. आणि आमच्या सासूबाईंचा नेम असा, की तिथल्या चौसष्ट योगिनीच्या पायऱ्या अनवाणी चढायच्या, त्याही पार खालपासून. बाकी दुनिया वर दाराशी चपला काढते, आम्ही रस्त्यावर काढणार. एकदा मामेसासूबाईंच्या कोऱ्या करकरीत चपला तिथून गेल्या. त्या बाई जबलपूरपासून वर्ध्यापर्यंत त्यावरच बोलल्या. तेव्हा ठरलं, एकानं खाली बसायचं. पाहुण्यांना कसं बसवणार? मग घरचा मुलगा बसला.

तो जो बसला तो बसलाच. एकदा माणूस सामान सांभाळतो म्हटल्यावर कोण सोडतंय त्याला? धुआंधारला पिशव्या ह्यांच्याकडे. ग्वारीघाटला अंघोळीचे कपडे ह्यांच्याकडे. नावेत एक जागा कमी पडली की हे काठावर. मी एकदोनदा म्हटलं, आज मी बसते, तुम्ही जा. तर म्हणतात, तुला चपला लावता येत नाहीत. खरंच लावायचे हो. वयाप्रमाणे ओळ, तोंडं रस्त्याकडे, म्हणजे उतरला की पाय घातला आणि चालू पडला.

पण गप्प बसणारा गडी नाही. वरून कोणी उतरलं की धरायचे. काय पाहिलं? कुठल्या बाजूला? केवढं? तोंड कुठे होतं? लोक सांगायचे. पुढच्या वर्षीच्या पाहुण्यांना हे तेच सांगायचे, डोळे मिटून, हात हलवत, असं काही रंगवून की माणूस वर जाऊन पाहायचा आणि खाली येऊन म्हणायचा, अंबादासनं सांगितलं तसंच आहे बुवा. कोणी म्हणालं नाही की वेगळं आहे. काहून म्हणेल? वेगळं दिसलं तर आपल्यालाच नीट पाहता आलं नाही, असं व्हायचं.

आता माझ्या पापाची गोष्ट. चौऱ्याऐंशी साल. लग्नाला दोन महिने झालेले, मी बावीस वर्षांची. घरात चौदा पाहुणे आणि त्याच दिवशी सकाळी माझी पाळी आली. सांगितलं असतं तर चार दिवस बाजूला बसावं लागलं असतं आणि चौदा जणांचा स्वयंपाक सासूबाईंच्या गळ्यात पडला असता. नवी सून, बोलायची सोय नाही. गुपचूप सगळ्यांबरोबर पायऱ्या चढले. वर दाराशी म्हटलं, पायात काटा रुतलाय, तुम्ही व्हा पुढे. सगळे आत गेले. मी बाहेर बसून राहिले. देवळात पाऊल टाकलं नाही.

खाली आलो तर हे वाटच पाहून राहिले होते. पुन्हा पुन्हा आईला विचारण्यापेक्षा नव्या बायकोला विचारू, असं झालं असणार. "काय पाहिलंस? तुला कोणती आवडली?" बाजूला सासूबाई, पुढे चौदा माणसं. मी जीभ रेटली. म्हटलं, "एक योगिनी आहे, मागच्या बाजूला. तिच्या मांडीवर मांजर झोपलंय. ते उठू नये म्हणून ती बिचारी जराही हलत नाही."

ह्यांचा चेहरा असा खुलला की काय सांगू. आणि सासूबाई? त्या आत जाऊन आल्या होत्या. मला वाटलं, आता संपलं. तर म्हणतात, "हो रे, मी पण पाहिली. पांढरं आहे मांजर." कालची आलेली सून पाहते आणि आपल्याला दिसू नये, हे त्यांना कसं परवडणार? मग मामेसासूबाईंनीही पाहिली. एका काकांना शेपटीसुद्धा दिसली.

तिथून जे सुरू झालं ते मला आवरता आलं नाही. ह्यांनी त्या मांजराला चाळीस वर्षं पोसलं. प्रत्येक पाहुण्याला हे सांगणार, बाकी काही बघू नका, मांजरवाली चुकवू नका. आणि एक माणूस, एक, खाली येऊन म्हणाला नाही की दिसली नाही. अमरावतीच्या एका मास्तरांनी तर ते मांजर आहे की वाघाचं पिल्लू यावर खाली उभं राहून तासभर वाद घातला. एका भाचीला मूल होत नव्हतं, तिनं तिला नवस बोलला, आणि पुढल्या वर्षी जुळं झालं. पायथ्याशी बळीराम नावाचा संगमरवराच्या मूर्ती करणारा आहे, हे बसायचे त्या जागेशेजारीच त्याचं दुकान. तो ऐकून ऐकून मांजरवाली घडवायला लागला. गणपतीपेक्षा जास्त खपते, म्हणतो.

मी सांगायला हवं होतं, हे काय मला कळत नाही? पहिल्या वर्षी लाज वाटली. पाचव्या वर्षी भीती वाटली. विसाव्या वर्षी वाटलं, आता मरेपर्यंत कशाला निघतंय. हे वर जाणारच नव्हते. मला तेवढाच आधार होता, खोटं कशाला बोलू.

यंदा जानेवारीत विनय आला. तिशीतला मुलगा, गळ्यात माइक, शहरातल्या जुन्या वास्तू लोकांना दाखवत फिरवतो. म्हणाला, "काकाजी, आप तो चलता-फिरता जबलपूर हो. ह्या रविवारी चौसष्ट योगिनीची फेरी तुम्ही घ्या. साठ लोक येणार. वरती तुमचा सत्कार करू." ह्यांनी विचारलं, "वरती?" तो म्हणाला, "वरतीच तर."

हे जे उठले ते आरशासमोर जाऊन उभे राहिले. सदर बाजारात जाऊन केस कापून आले. नवा झब्बा आणला. रोज सकाळी जिना चढ-उतार, गुडघ्याला तेल. बहात्तर वर्षांचा माणूस परीक्षेला बसल्यासारखा. मला म्हणतात, "भानू, तिला पाहायचं म्हणता म्हणता चाळीस वर्षं झाली गं."

मी काय काय नाही केलं. म्हटलं, गुडघे जातील. म्हटलं, त्या दिवशी वर्ध्याहून वन्सं येणार आहेत. वन्सं कशाला येतात, त्या मुलीकडे बंगलोरला. शनिवारी चहा देताना मन घट्ट केलं आणि म्हटलं, "अहो, त्या मांजरवालीबद्दल एक सांगायचंय." ह्यांनी हात वर केला. "काही सांगू नको. आयुष्यभर दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलं. उद्या माझ्या पाहीन." मी कप उचलून आत गेले.

रविवारी साठ माणसं जमली. ह्यांनी पहिलं काम काय केलं असेल? सगळ्यांना खाली चपला काढायला लावल्या. विनयनं सांगून पाहिलं, की काकाजी, वर काढतात. ऐकतो कोण. साठ जोड ओळीनं लावले, तोंडं रस्त्याकडे, बळीरामच्या बायकोला पहाऱ्यावर बसवलं, आणि मग पहिल्या पायरीला हात लावून नमस्कार केला. मी मागे. शंभरावर पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीला मी देवीला म्हणत होते, एखादं मांजर पाठव, जिवंत असलं तरी चालेल.

आत गोल ओवरी आहे. चौसष्ट म्हणतात, मोजायला गेलं तर जास्तच भरतात. कोणाचे हात तुटलेत, कोणाचं तोंड नाही. हे एकेक पाहत निघाले, मागे साठ माणसं, आणि मागच्या बाजूला पोचायच्या आतच सदरची मोनाली म्हणून एक बाई ओरडली, "मिल गई." सगळे धावले. एका मूर्तीच्या मांडीवर दगडाचा घासलेला उंचवटा होता. तेवढ्यात पलीकडून एक निवृत्त सुभेदार म्हणाले, ती नव्हे, ही. तिच्या मांडीवरही उंचवटा. तिसऱ्या टोळीला तिसरी सापडली. हजार वर्षांत सगळ्यांच्याच मांड्यांवर काही ना काही झिजून उरलंय, कोणाच्या मांडीवर मांजर नाही असं म्हणायचं? भांडण लागलं. विनय माइकवर म्हणाला, "शांत, शांत. काकाजी सांगतील."

ह्यांनी तिन्ही पाहिल्या. मग पूर्ण चक्कर मारली. मग आणखी एक. दुसऱ्या चकरेत चाल मंदावली. हे थांबले आणि माझ्याकडे वळले. "भानू, तू सांग. पहिल्यांदा तूच पाहिली होतीस."

विनयनं माइक माझ्या तोंडासमोर धरला. मला रडू आलं. मी म्हटलं, "अशी कोणी नाही. मी बनवून सांगितलं होतं. मी त्या दिवशी आत आलेच नव्हते."

एवढं मोठं बोलले, चाळीस वर्षांचं ओझं टाकलं, आणि काय झालं माहितीय? कोणी विश्वासच ठेवला नाही. मोनाली म्हणाली, "आंटीजी को चक्कर आ गया." कोणी पाणी आणलं, कोणी मला सावलीत बसवलं. सुभेदार समजावून सांगायला लागले, की वहिनी, वयाप्रमाणे विस्मरण होतं, आमच्या घरीही आहे. बळीराम वर आला होता, तो तर चिडलाच. "बाई, मी वीस वर्षं तिला घडवतोय, आणि तुम्ही म्हणता ती नाही?" मी विचारलं, तू कधी वर येऊन पाहिलीस? म्हणाला, "दुकान कोण पाहणार?" मग विनयनं तोडगा काढला. हात वर करून मतं घेतली. सुभेदारांची योगिनी नऊ मतांनी निवडून आली. लगेच हार घातला, सगळे तिच्यासोबत फोटो काढायला रांगेत उभे राहिले. सत्काराची शाल ह्यांना द्यायची होती, ती गर्दीत तिच्याच खांद्यावर गेली.

हे एका खांबाला टेकून बसले होते. मी जवळ गेले. त्या साठांत एकाच माणसानं माझ्यावर विश्वास ठेवला होता, आणि त्यानं ठेवायला नको होता. त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. मी पाळीचं सांगितलं, चौदा पाहुण्यांचं सांगितलं, काट्याचं सांगितलं.

"आणि नंतर?" हे म्हणाले. "दरवर्षी तर यायचीस."

"यायची नं. खाली मान घालून एक चक्कर मारायची आणि पळायची. कोणी विचारू नये, कुठे आहे म्हणून."

"म्हणजे तूही पाहिलं नाहीस."

"नाही."

ह्यांनी हार घातलेल्या मूर्तीकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "मला राग आलाय. खूप आलाय. मी किती लोकांना खोटं सांगितलं."

"माहितीय."

"घरी गेल्यावर बोलू." मग लगेच, "पण मांजर कुठून आणलंस? मांजरच काहून?"

"बाहेर एक होतं. मी बसले तर ते येऊन माझ्या मांडीवर झोपलं. पोट दुखत होतं माझं, त्याची ऊब बरी वाटत होती. ते उठू नये म्हणून मी हलले नाही."

हे माझ्याकडे पाहत राहिले. फोटोवाले हसत होते, विनय माइकवर रांग सरळ करा म्हणत होता. हे खांबाला धरून उठले. मला वाटलं, आता निघाले घरी.

"कुठे बसली होतीस ते दाखव," म्हणाले.

मी त्यांना दाराबाहेर नेलं. उजव्या अंगाला भिंतीलगत एक अरुंद दगड आहे, तिथून खाली झाडं आणि पलीकडे नर्मदेचा तुकडा दिसतो. मी म्हटलं, इथं. ह्यांनी दगडाकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, मग वाकून पायऱ्यांच्या खाली, रस्त्यापर्यंत पाहिलं.

"किती वेळ?"

"तासभर असेल."

"एकटीच?"

मी मान डोलावली.

"मग हाक मारायची नं गं," हे म्हणाले. "मी खालीच तर होतो."