झेड डिस्कची सफाई

आता काय सांगू तुम्हाला, मी प्लांटमध्ये वीस वर्षं दुसऱ्यांना सेफ्टी शिकवतो आणि घरी एका माऊसनं स्वतःचंच घर साफ केलं. चहा घ्या, सांगतो.

माझा कम्प्युटर म्हातारा झाला होता. विंडोज सुरू होईपर्यंत माझी दाढी करून व्हायची. आमच्या शॉपमधल्या, म्हणजे प्लांटमधल्या आमच्या खात्यातल्या, डोंगरेनं सांगितलं, विंडोज काढ आणि लिनक्स टाक. टाकलं. कम्प्युटर पळायला लागला आणि माझं डोकं फिरलं. कॅन्टीनमध्ये कोणी नुसतं 'कसं काय' विचारलं तरी मी लिनक्स समजावून सांगायचो. हळूहळू लोक दुसऱ्या टेबलावर बसू लागले. ज्ञानी माणसाच्या नशिबी एवढं असायचंच.

एकच अडचण होती. माझा आवडता, कार पळवायचा गेम फक्त विंडोजवर चालायचा.

डोंगरे म्हणाला, "मधात एक सॉफ्टवेअर टाका लागते भाऊ. ते गेमले वाटू देते का आपण विंडोजमध्येच आहो."

"म्हणजे नकली विंडोज?"

"मॉक ड्रिल समज ना."

बस. मॉक ड्रिल म्हटलं की आम्हा प्लांटवाल्यांना पुढचं सांगावं लागत नाही. आग खोटी, जखमी खोटा, आणि स्ट्रेचरवरचा माणूस नंतर उठून समोसा खातो. कोणाचं काही बिघडत नाही.

बुधवारी माझा ऑफ होता. गेम टाकायला घेतला तर तो म्हणतो, डिस्कवर जागा नाही. त्या नकली विंडोजमध्ये जाऊन पाहिलं. दोन डिस्क दिसल्या, सी आणि झेड. सी मध्ये आपला अर्धवट टाकलेला गेम. झेड उघडली तर आत सगळी कधी न ऐकलेल्या नावांची फोल्डरं, एकावरही मालकाचं नाव नाही की गाव नाही. आता आमच्या शॉपचा हाउसकीपिंगचा नियम असा, की ज्या वस्तूला मालक नाही ती स्क्रॅप. या नियमापायी मी एकदा इंजिनिअर साहेबांचा टिफिनसुद्धा फेकला आहे. शिवाय विंडोजच नकली, तर त्यातली डिस्क कुठून खरी असणार? सगळं निवडलं आणि उडवलं.

काही फायली 'परवानगी नाही' म्हणून अडून बसल्या. बाकीच्या भराभर गेल्या. मग गेमही गेला. मग पडद्यावरचा बालाजीचा फोटोही गेला.

डोंगरेला फोन लावला. त्यानं विचारलं, "खोडलं कुठून?"

"झेडमधून."

तो म्हणाला, "झेड म्हणजे तुयाच पुरा कम्प्युटर होय, भाऊ. विंडोज नकली होता, पण तो दरवाजा खरा होता ना. सिस्टिमच्या फायली वाचल्या, कारण त्यायचा मालक तू नाही. घरच्या फायलीचा मालक तूच होता."

आणि घरच्या फायलींत काय होतं? वंदनाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, वडिलांचे, आमच्या मामाजींचे फोटो. मामाजी जन्मभर जवळच्या नंदिनी गावातल्या चुनखडीच्या खाणीत राबले. रविवारी त्यांची पंचाहत्तरी आमच्या क्वार्टरमध्ये होती, आणि ते फोटो सगळ्यांना दाखवायचे म्हणून वंदनानं महिनाभर बसून एकेक स्कॅन केला होता.

संध्याकाळी तिनं विचारलं, "अहो, फोटो दिसून नाही राहिले?"

"लिनक्समध्ये ते आत असतात. रविवारी निघतील." विषयाचा जाणकार असण्याचा हा एक फायदा.

"बरं," ती म्हणाली.

शुक्रवारी ड्यूटीवरून सरळ नंदिनी नगरला मामाजींचं घर गाठलं. म्हटलं, मूळ अल्बम आणू, पुन्हा स्कॅन करू. मामाजी म्हणाले, "अल्बम? तो तं पुरा वाळवीनं खाल्ला, जावईबापू. स्कॅन केल्यावर परत आणला अन् इथंच नासला. बरं झालं तुमच्या कम्प्युटरात फोटो सुरक्षित हायेत." आणि मला प्रेमानं चहा पाजला. मला खरंच लाज वाटली. म्हाताऱ्याचं अख्खं आयुष्य मी एका गेमसाठी पुसलं होतं.

रविवारी हॉलमध्ये पंधरा-वीस नातेवाईक जमले. टीव्हीसमोर मामाजींची खुर्ची. माझ्यानं राहवलं नाही. उभा राहिलो आणि हात जोडून सगळं कबूल केलं. गेम, झेड, मॉक ड्रिल, खोटं बोललो तेही. "वाळवीनं जे सोडलं, ते मी खाल्लं," असंही म्हणालो. मामाजी खाली बघत राहिले. साळ्यानं, म्हणजे वंदनाच्या भावानं, माझ्याकडे असं पाहिलं, की बसावं की पळावं ते कळेना.

तेवढ्यात वंदना पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून आली, टीव्हीला पेनड्राइव्ह लावला आणि खाणीतल्या डंपरवर बसलेले पंचविशीतले मामाजी पडद्यावर हसायला लागले. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. माझ्याही.

लोक जेवून गेल्यावर मी तिला गाठलं. "हे केव्हा काढून ठेवलं?"

"तुमी कम्प्युटरले हात लावून राहिले तं मले काढून ठेवाच लागते ना."

"मंग चार दिवस सांगितलं कावून नाही? माहीत होतं ना तुले?"

"बुधवारीच समजलं होतं. पण तुमी न सांगता भांडे घासून राहिले, कूलरची टंकी धुतली, माह्या आईले फोन केला स्वतःहून. म्हटलं, चालू द्या."

मग तिनं वर छताकडे पाहिलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "पंखे पुसाचे राहिले. अजून एखादा गेम नाही टाकत का?"