हिरवं पाणी फिकट पडलं तेव्हा

विश्वकर्मा पूजेला भिलाईत मशीन धुतात. बाबांनी पोलाद कारखान्याच्या रोलिंग मिलमध्ये जन्मभर तेच केलं, म्हणून मीही केलं. स्मृती नगरमागच्या छोट्या सांडपाण्याच्या प्लांटवर मी ऑपरेटर आहे. आदल्या संध्याकाळी ब्लीचिंग पावडर टाकून टाक्या घासल्या, हार घातले आणि स्वतःवर खूश होऊन घरी गेले. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय!

सकाळी पाहते तर शेवाळाची हिरवीगार टाकी फिकट पडलेली, पहिल्या टाकीवर मळकट फेस. घाण खाणारे जंतू आणि हे शेवाळ, हेच आमचे खरे कामगार. त्यांना मीच मारलं होतं. बाबांना फोन केला. ते म्हणाले,

"मशीन धुतली तं चालते, पोरी. हे तं जिवंत हाय. याले कावून धुतलं?"

आमचं पाणी खालच्या तळ्यात जातं. तिथे एक म्हातारे केवट, म्हणजे इकडचे कोळी, मासे पाळतात, त्यांचं घर त्यावरच चालतं. रोज दहाला ते चाक फिरवून तळ्याचं फाटक उघडतात आणि पाणी आत घेतात. पावणेदहा झाले होते आणि त्यांच्याकडे फोन नव्हता. सायकल दामटताना मला नुसते उलटे तरंगणारे मासे दिसत होते. मेलेच तर माझ्यामुळे मेले हे कोणाला कळणार, असंही एकदा मनात आलं. त्याची लाज अजून जात नाही.

फाटक बंद होतं. त्याच्या चाकाला शेंदूर लावून फूल वाहिलं होतं. आज अवजाराला हात लावायचा नाही, म्हणून त्यांनी उघडलंच नव्हतं. त्यांनी मला प्रसाद दिला. तो हातात धरून मी रडत सगळं सांगितलं, कारण उद्या ते उघडणारच होते.

ते रागावले नाहीत. चाकाचा दांडा काढून माझ्या हातात दिला आणि त्यांच्या छत्तीसगढीत म्हणाले, आता तूच उघड, तुला वाटेल तेव्हा. त्यापेक्षा चार शिव्या बऱ्या होत्या.

कित्येक दिवसांनी शेवाळ पुन्हा हिरवं झालं. पाणी दोनदा तपासलं आणि मगच दांडा बसवून चाक फिरवलं. ते शेजारीच उभे होते. पाण्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं, ते माझ्या तोंडाकडे बघत होते.